उन्हाळी सुट्टीत पोरं कुणाकडे? आधी तास मोजा, मग जागा शोधा

कोल्हापूरच्या सानेगुरुजी वसाहतीत राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. ती शाहूपुरीतल्या एका सहकारी बँकेत दहा ते सहा. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पाळी बदलती. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. सासू-सासरे गारगोटीकडच्या गावात, शेती करतात. आई कसबा बावड्यात, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती बघितल्या तर सगळी दोन-अडीच तासांची. बाकीच्या दिवसाचं काय करायचं, आणि जमलंच नाही तर नोकरी सोडायची का, असं तिनं विचारलंय.

ताई, नोकरी सोडायचा विचार आत्ता डोक्यातून काढून टाका. दीड महिन्याच्या अडचणीसाठी आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा नसतो, आणि तो बहुतेक वेळा बाईलाच घ्यायला लावतात म्हणून मी हे आधीच सांगते. मी राजारामपुरीत पाळणाघर चालवते त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. दर मार्चमध्ये हाच प्रश्न घेऊन आया येतात, आता बापही यायला लागलेत. प्रश्न सुटतो. फक्त तो जागेपासून नाही, वेळेपासून सोडवायला सुरुवात करावी लागते.

एक वही घ्या आणि सुट्टी मोजा. राज्य मंडळाच्या शाळांना आपल्याकडे मे महिन्याच्या सुरुवातीला सुट्टी लागते, जूनच्या मध्याला शाळा उघडतात. साधारण ४५ दिवस. रविवार काढले की ३८ उरतात. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तुमची बँक बंद, ते काढा. नवऱ्याच्या कारखान्याची आठवड्याची सुट्टी रविवार सोडून दुसऱ्या वारी असेल, आणि एमआयडीसीत अशी असते, तर तुमचे आणखी सहा दिवस परस्पर सुटले. मुलं सीबीएसईच्या शाळेत असतील तर तारखा वेगळ्या पडतील, शाळेचं कॅलेंडर समोर ठेवूनच मोजा. हे सगळं मांडलं की "दोन महिने पोरांचं काय करू" हा डोंगर "तीसेक दिवस" इतका होतो.

आता एका दिवसातले तास. तुम्हाला सव्वानऊला घर सोडायला लागतं आणि पावणेसातला परत येता, असं धरू. नवऱ्याची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो साडेतीनला सुटून सव्वाचारपर्यंत घरी येतो, म्हणजे पोरांजवळ कुणी नसण्याचं भोक सव्वानऊ ते सव्वाचार. दुसरी पाळी असेल तर तो दुपारी अडीचपर्यंत घरात आहे, भोक अडीच ते पावणेसात. आणि रात्रपाळी असेल तर त्याला मोजूच नका. रात्रभर भट्टीजवळ उभं राहून आलेला माणूस दिवसा झोपला पाहिजे. "बाप घरात आहेच की" म्हणून पोरं त्याच्या भरवशावर टाकणं म्हणजे पोरांनाही एकटं टाकणं आणि त्यालाही झोपेविना पुन्हा मशीनवर पाठवणं. तेव्हा नवऱ्यानं मार्चमध्येच सुपरवायझरशी बोलून मे-जूनचं पाळीचं वेळापत्रक लिहून आणावं, शक्य असेल तर एखाद्या सहकाऱ्याबरोबर रात्रपाळीचा आठवडा बदलून घ्यावा. हे काम त्याचं आहे, तुमचं नाही.

एक नियम मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला सांगते. दिवसातल्या कुठल्याही मिनिटाला "मूल आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?" याचं उत्तर एका माणसाच्या नावानं देता आलं पाहिजे. "शिबिरात आहे", "गल्लीत आहे", "आजीकडे असेल" ही उत्तरं नाहीत. सुट्टीतले घोटाळे बहुतेक वेळा कुणी वाईट वागल्यामुळे होत नाहीत, ते एका हातातून दुसऱ्या हातात मूल देताना होतात. साडेबाराला चित्रकलेचा वर्ग सुटतो. बाईंना वाटतं रिक्षावाले काका आलेत. रिक्षावाले काका दुसऱ्या मुलांना सोडून पाऊण वाजता यायचे असतात. आजीला वाटतं आज आई हाफ डे घेऊन नेणार आहे. आणि पोरगं दप्तर मांडीवर घेऊन हॉलच्या पायरीवर बसलेलं, वॉचमन जेवायला गेलेला. अशी पोरं मी कितीतरी वेळा आमच्याकडे आणून बसवली आहेत. पंधरा मिनिटांचाच प्रश्न असतो, पण ती पंधरा मिनिटं कुणाचीच नसतात. म्हणून दिवसाचे तुकडे कमीत कमी पाडा. सकाळी योगा, मग पोहणं, मग मावशी, मग शेजारच्या काकू, मग तुम्ही, असा दिवस कागदावर भरगच्च दिसतो, पण त्यात चार सांधे आहेत आणि रोज चारही सांधे नीट जुळायला हवेत. त्यापेक्षा दिवसभर एकच मुक्काम आणि फार तर एक वर्ग.

आजी-आजोबांचं बघू. तुम्ही गावाकडचा पर्याय जाताजाता लिहिलात, मला वाटतं तोच तुमचा पहिला पर्याय आहे, पण तारखा धरून. भुदरगड, राधानगरी, चंदगड या पट्ट्यात मे संपता संपता भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते, आणि मृग जवळ आला की घरातला म्हातारा माणूससुद्धा शेतात असतो. तेव्हा "पोरं आहेत म्हणून आज रानात जाऊ नका" असं आपण सांगू शकत नाही. म्हणून गावाला पाठवायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवा, दहा-बारा दिवस. सगळी सुट्टी नको. आणि सासूबाईंना "सांभाळाल ना?" असं विचारू नका. त्याला "हो" शिवाय उत्तर नसतं. "किती दिवस झेपेल?" असं विचारा. सासऱ्यांना वेगळं विचारा. पहिले दोन दिवस तुमच्यापैकी एकानं तिथं राहा.

ते दोन दिवस कशासाठी, तर पाण्यासाठी. सुट्टीत शहरातून गावी गेलेल्या मुलांना सगळ्यात मोठा धोका विहिरीचा, शेततळ्याचा आणि नदीचा. गावातली पोरं कमरेला ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकतात, त्यांच्याबरोबर तुमचा नऊ वर्षांचा मुलगा जाणारच, आणि "मला येतंय" म्हणणारच. नुसतं "पाण्यात जाऊ नको" सांगून चालत नाही. गावात पोहणारा एक मोठा माणूस ठरवा, काका असेल, चुलतभाऊ असेल, आणि "तो काठावर असल्याशिवाय पाण्यात पाय नाही" हे मुलाला, त्या माणसाला आणि आजोबांना, तिघांना एकत्र बसवून सांगा. घराजवळच्या आडाला झाकण आहे का, शेततळ्याला कुंपण आहे का, हे स्वतः जाऊन बघा. शेततळ्याच्या आत प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, पोहता येणाऱ्यालाही कडेला वर चढता येत नाही. आणि आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या. त्या बहुतेक घरांत उशाशी किंवा टीव्हीच्या खाली उघड्यावर असतात, पाच वर्षांच्या मुलीच्या हाताच्या उंचीवर. वर कपाटात ठेवा, आणि पोरं तिथं असेपर्यंत तिथंच राहू द्या.

तुमच्या आईला या हिशेबात धरू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई पाच वर्षांच्या मुलीमागं पळू शकत नाही आणि तसा प्रयत्न तिनं करूही नये. तिला भेटायला न्या, जेवायला न्या, पण ताबा देऊ नका.

गावाचे नऊ-दहा कामाचे दिवस गेले. तुम्ही पाच आणि नवऱ्यानं पाच दिवस रजा वेगवेगळ्या दिवशी काढली तर आणखी दहा. दोघांनी एकत्र रजा काढून फिरायला जायचं असेल तर जरूर जा, पण त्या पाच दिवसांत पाचच दिवस भरले जातात, दहा नाही, हे धरून चला. एवढं झालं की उरतात दहा-बारा दिवस, ते मधल्या सुट्ट्या धरून पसरतात कमी-जास्त तीन आठवड्यांत. विकतची किंवा वाटून घेतलेली सोय तुम्हाला फक्त तेवढ्यासाठी पाहिजे. रजेतले तीन-चार दिवस जूनच्या दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. वह्या, गणवेश, रेनकोट, बूट ही खरेदी तेव्हाच असते, आणि सुट्टीभर उशिरा उठलेल्या पोरांना पुन्हा शाळेच्या वेळेवर आणायलाही घरचं माणूस लागतं.

या तीन आठवड्यांसाठी तुमच्यासमोर दोनच पर्याय मी धरीन. एक पाळणाघर, दुसरा चार-पाच घरांनी मिळून केलेली सोय.

पाळणाघराबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण बघायला येणारी माणसं चुकीच्या गोष्टी बघून जातात. भिंतीवरची चित्रं, खेळणी, एसी. आणि येतात सकाळी अकराला, जेव्हा कुठलंही पाळणाघर चांगलंच दिसतं. तुम्ही दुपारी तीन-साडेतीनला जा, आधी फोन न करता. त्या वेळी निम्मी पोरं झोपलेली असतात, निम्मी कंटाळलेली असतात आणि सांभाळणारी ताई दमलेली असते. अशा वेळी ती रडणाऱ्या मुलाशी कसं बोलते ते ऐका. टीव्ही चालू असेल तर किती पोरं त्याच्यासमोर आहेत ते बघा. संडासात जाऊन या, ते ओलं आणि निसरडं आहे का, कडी आतून लहान मुलाला काढता येते का, आणि शी झाली तर कोण धुतं, हे विचारा. त्यावर मोकळं आणि सरळ उत्तर आलं तर बाकीही बहुतेक ठीक असतं.

मग विचारा: एका ताईकडे किती मुलं? सुट्टीत मोठ्या मुलांची वेगळी बॅच घेतात तेव्हा माणसं वाढवतात की आहे त्याच दोघींवर भार टाकतात? एखादी ताई आजारी पडली तर त्या दिवशी कोण? हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि मे महिन्यात लग्नसराई असते, ताईंच्या घरीही लग्नं असतात. जिना आहे का, गॅलरीला जाळी आहे का, गच्चीचं दार बंद असतं का. स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या खोलीला लागून आहे का. चटणीचे, म्हणजे वर्षाचं तिखट कुटून आणायचे दिवस असतात ते, डंकावरून आणलेली चटणी चाळायला कुणी घरात बसलं तर सगळी पोरं दिवसभर शिंकतात आणि डोळे चोळतात. आमच्याकडे तो दिवस ठरवून रविवारी घेतो. मूल कोण न्यायला येणार ती नावं लिहून घेतात का, की ओळखीचा चेहरा दिसला की सोडतात? शेवटच्या प्रश्नाला "आम्ही सगळ्यांना ओळखतो हो" असं उत्तर आलं तर तिथून निघा.

नऊ वर्षांच्या मुलाबद्दल आधीच स्पष्ट बोलून घ्या. पुष्कळ पाळणाघरं सात-आठ वर्षांपुढची मुलं घेत नाहीत. घेतली तरी त्याला तिथं लहान पोरांत कोंडल्यासारखं होतं. त्याला काम असेल तर तो राहतो. आमच्याकडे मोठी पोरं सकाळी शेंगा सोलतात, ताक घुसळतात, गच्चीवर सांडगे-कुरडया घातल्या की काठी घेऊन सावलीत बसून कावळे हाकलतात, लहानांना गोष्ट वाचून दाखवतात. हे काही मी शोधलेलं नाही. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मूल हातानं काम करत, अनुभव घेत शिकतं हे कोल्हापूरकरांना समोर करून दाखवलं. सुट्टीतल्या मुलाला करमणूक लागते त्यापेक्षा जास्त आपला कुणाला तरी उपयोग आहे ही भावना लागते. पण काम म्हणजे धाकट्या बहिणीची जबाबदारी नव्हे, त्यावर पुढं बोलते.

पैशाचं सरळ सांगते. तीन आठवडे पाहिजे असलं तरी बहुतेक पाळणाघरं महिन्याची फी घेतात, कारण जागा महिन्याभरासाठी अडते. घासाघीस करायची तर ती फीवर करू नका, तासांवर करा. सव्वानऊ ते सव्वाचार आणि सव्वानऊ ते पावणेसात यात फरक आहे, नवऱ्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्हाला कमी तास लागतात. उशिरा न्यायला आलात तर काय आकारतात ते आधी विचारा आणि पावती घ्या. नाव फेब्रुवारी-मार्चमध्येच घाला. मार्चपासून बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, अकरा-साडेअकराला पोरं घरी येतात, तेव्हापासूनच चांगल्या ठिकाणच्या जागा भरायला लागतात. एप्रिलच्या शेवटी आलात तर जागा मिळेल, पण मग निवड तुमच्या हातात नसेल.

दुसरा पर्याय घरांनी मिळून. कोल्हापुरात हा अजून जमतो, कारण गल्ली अजून जिवंत आहे, तालमी आणि मंडळांमुळे माणसं एकमेकांना ओळखतात, कुणाचं पोरगं कुणाचं हे ठाऊक असतं. पण "सगळे मिळून बघू" असं म्हटलं की कुणीच बघत नाही. वार वाटून घ्या. पाच घरं, पाच वार. सोमवारी पहिल्या घरातलं एक माणूस रजेवर, सगळी पोरं त्यांच्याकडे. मंगळवारी दुसऱ्या घरी. तीन आठवड्यांत प्रत्येक घराला तीनच दिवस रजा पडते, नवरा-बायकोत वाटली तर एकाला एक आणि दुसऱ्याला दोन. पाच घरांत मिळून सात-आठ पोरांपेक्षा जास्त नकोत, आणि तीन वर्षांखालचं एकही नको, नाहीतर त्या दिवशीचं माणूस त्या एकाच बाळात अडकतं. या पद्धतीत रजेचा हिशेब थोडा जास्त होतो, पैसे वाचतात. मला ती आवडते ती आणखी एका कारणासाठी. बापांचे वार येतात. बापानं एक दिवस आठ पोरांना जेवायला वाढलं की पुढच्या वर्षी सुट्टीचं नियोजन करायला तो आपणहून बसतो.

सुरू करण्याआधी एक संध्याकाळ पाचही घरांनी बसून बोला. आजारी पोरगं पाठवायचं नाही, ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय नाही. डबा ज्याचा त्यानं द्यायचा की ज्याच्या घरी त्यानं करायचं. मोबाईल किती वेळ, आणि तो नियम पाचही घरांत एकच. कुणाच्या घरात कुत्रं आहे, कुणाची दुचाकी जिन्याखाली किल्ली लावून उभी असते, कुणाकडे घरात अजून कोण-कोण मोठी माणसं येतात-जातात. या शेवटच्या गोष्टीवर बोलायला संकोच वाटतो, तरी बोला.

घरी येऊन सांभाळणारी मावशी मिळाली तर तोही मार्ग आहे, पण तीन आठवड्यांसाठी चांगली मावशी मिळणं अवघड. मिळालीच तर ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, ती आधी जिथं काम करत होती त्या घरी प्रत्यक्ष जाऊन या, आणि सुट्टी लागायच्या आधी दोन शनिवार-रविवार तुम्ही घरात असताना तिला येऊ द्या. पोरं सांभाळायला ठेवलेल्या बाईला धुणं-भांडी सांगू नका. तिचे डोळे भांड्यांवर गेले की पोरांवरचे उठतात.

शिबिरं मी वाईट म्हणत नाही. पोहायला शिकवा, फुटबॉलला घाला, कोल्हापुरात राहून पोरानं फुटबॉलला पाय लावला नाही असं होऊ नये. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय शहरात आहे, पोराला तिथं न्या आणि स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू द्या. पण ही सगळी सकाळी सात ते नऊच्या आतली, तुम्ही स्वतः सोडून आणू शकाल अशीच घ्या. तुमच्या भोकाच्या वेळात येणारं शिबिर म्हणजे मदत नाही, आणखी दोन सांधे. निवासी शिबिरं पन्हाळ्याकडे, गगनबावड्याकडे भरतात. नवव्या वर्षी पहिल्यांदा पाठवायचं तर दोन-तीन रात्रींचंच, आणि रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपतं, जवळचा दवाखाना कुठला, मुलाला रोज फोन करू देतात का, ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

नवऱ्याच्या फौंड्रीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर आणखी एक गोष्ट. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे. पुष्कळांचा समज असतो की ५० बायका पाहिजेत. तसं नाही, एकूण कर्मचारी मोजतात. शेजारशेजारच्या कारखान्यांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवलं तरी कायद्याला चालतं. तुमची बँकही यात बसते का ते मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. ही सोय सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते, त्यामुळे तुमच्या धाकटीला ती लागू पडू शकेल, थोरल्याला नाही. यंदाच्या मेपर्यंत काही उभं राहील अशी आशा मी दाखवत नाही, पण विचारणारं कुणी नाही म्हणून आपल्या एमआयडीसींमध्ये ही गोष्ट मागं पडते याचं मला खरंच वाईट वाटतं. चार बायकांनी आणि चार बापांनी मिळून एक अर्ज दिला तर तो फायलीत तरी जातो. वाचणाऱ्यांपैकी कुणी राज्य शासनाच्या सेवेत असेल तर त्या बहिणींनी २०१८ पासून मिळणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा पाहावी. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती मिळते.

"थोरला शहाणा आहे, तो बहिणीला दुपारी दोन-तीन तास बघेल" असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय. नको. नऊ वर्षांचं मूल शहाणं असतं ते सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर. मे महिन्यात दुपारी चारनंतर वळीव येतो. पाच मिनिटांत अंधारून येतं, वारं सुटतं, पत्रे वाजतात, वीज जाते, आणि वरती विजांचा कडकडाट. धाकटी किंचाळत असेल, गच्चीवरचे कपडे उडत असतील, ते आणायला तो वर पळेल. मोठ्या माणसालाही त्या पाच मिनिटांत सुचत नाही. बारा-तेरा वर्षांपुढचं मूल घरात थोडा वेळ एकटं राहू शकतं, तेही आधी अर्धा तास, मग एक तास असं सवय लावून, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, शेजारच्या घरी सांगून. पण लहान भावंडाचा ताबा त्याच्याकडेही नाही.

आणि उन्हाळ्याची घडी बसली की लगेच पावसाळ्याची यादी करून ठेवा, कारण आपल्याकडे खरी धांदल तिथं उडते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली की शाळांना सुट्टी जाहीर होते, कधी आदल्या रात्री, कधी सकाळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी ३९ च्या जवळ येताना दिसलं की उद्या शाळा नाही असं धरूनच झोपा. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. घर नदीच्या अलीकडे आणि नवऱ्याचा कारखाना पलीकडे, शिरोलीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा तिकडं कामाला गेलेली माणसं घरी येऊ शकली नाहीत. म्हणून पावसाळ्यातल्या अचानक सुट्टीसाठी ज्या दोन घरांवर विसंबाल ती दोन्ही तुमच्याच बाजूची, चालत जाण्याइतक्या अंतरावरची निवडा. बावड्याचं माहेरही या यादीत नको, तो भाग नदीला लागून आहे. त्या दोन घरांशी आत्ताच बोलून ठेवा आणि त्यांच्या अडचणीच्या दिवशी तुम्ही काय कराल तेही सांगा.

मुलांशी बोलायचं राहिलं. एक परवलीचा शब्द ठरवा, घरातल्या चौघांनाच ठाऊक असलेला. "आईनं पाठवलंय" म्हणून कुणी आलं आणि तो शब्द सांगू शकलं नाही, तर ते ओळखीचं असलं तरी जायचं नाही. अंगाला कुठं कुणी हात लावायचा नाही हे दोघांनाही सांगा, मुलालासुद्धा. मुलग्यांना हे सांगायचं राहून जातं. संध्याकाळी "आज काय शिकलास?" असं विचारलं की "काही नाही" येतं. "जेवताना शेजारी कोण होतं?", "आज कुणाचा राग आला?" असं विचारा, मग सगळा दिवस बाहेर येतो. एखाद्या ठिकाणी जायचं नाही म्हणून मूल रोज पोटात दुखतंय म्हणत असेल तर ते लाडावलंय असं धरू नका, आधी ते ठिकाण तपासा. काही वावगं कळलंच तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशा गोष्टीची खबर पोलिसांना देणं हे जाणत्या प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे, "बदनामी नको" म्हणून दाबून ठेवायचं नसतं.

धाकटी नव्या ठिकाणी रडेल का, अशी तुम्हाला धास्ती आहे. रडेल, दोन-तीन दिवस. सुट्टी लागायच्या आधीच्या दोन शनिवारी तिला तासभर तिथं नेऊन बसवा, तुम्ही तिथंच थांबा, भाऊही बरोबर असू दे. तिची नेहमीची पांघरायची ओढणी किंवा जुनी चादर द्या, नवी खेळणी नकोत. सोडताना लपून पळू नका, "जेवण झालं की झोप, झोप झाली की दूध, दूध झालं की मी" असं तिच्या दिवसाच्या क्रमानं सांगा, घड्याळाची वेळ तिला कळत नाही. आणि पहिल्या आठवड्यात तुम्ही किंवा नवरा, दोघांपैकी एकानं दुधाच्या वेळेला दारात असायचंच, त्यासाठी बँकेत पाच दिवस तासभर लवकर सुटायची परवानगी मेच्या आधीच मागून ठेवा.